पंचावन्नाव्या वर्षी शिकलेली सायकल

भाचीनं पहिलं काम काय केलं तर सायकलची पेडलं काढून टाकली. पंधरा नंबरचा पाना घेऊन आली, आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला पाण्याचा पंप आहे तिथे बसली आणि उजवं पेडल काढलं, ते पटकन निघालं. डावं काही निघेना. मी म्हटलं गंजलं असेल, थोडं खोबरेल तेल सोडूया का, तर म्हणाली नाही मावशी, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की सुटतं, तसे उलटे नसते तर पाय मारून मारून आपोआप सैल झालं असतं. आणि खरंच सुटलं. आयुष्यभर आजूबाजूला सायकली बघितल्या पण हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही पेडलं पेपरात गुंडाळून मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि ओट्याखाली ठेवून दिली. ही 2022 च्या जानेवारीतली गोष्ट, मी तेव्हा पंचावन्न पूर्ण केली होती.

आत्ता लिहायला बसले कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या चार जणींनी विचारलं की या वयात खरंच येते का गं सायकल, पडलीस का, गुडघ्याचं काय, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमधे भीती नाही वाटत का. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. मे महिन्यात मामाकडे मिरजेला जायचो, तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात तासावर भाड्यानं सायकल मिळायची. भाऊ आणि मामेभाऊ मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, लंगडत लंगडत, गुडघे फोडून घेत शिकले. मी मागे कॅरिअरवर, डबलसीट. मला कोणी शिकू नको असं म्हणालं नाही पण शिक असंही कोणी म्हणालं नाही. एकदा मी नुसतं हँडल धरून उभी होते तर आजी आतून ओरडली, परकर अडकेल चेनमधे. तेवढ्यावरच राहिलं ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं. पुढे बँकेतली नोकरी, मुलुंड ते सीएसएमटी लोकल, मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण. सायकलचा विचार मनात यायचा पण तो वळणाच्या पलीकडे कुठेतरी असायचा.

मग 2021 च्या शेवटी रक्त तपासलं आणि एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 6.2 आलं. डॉक्टर म्हणाले 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून आत गेला नाहीत, आठवड्याला निदान 150 मिनिटं तरी दम लागेल असा व्यायाम करा. सांगायला सोपं, पण माझा उजवा गुडघा जिने उतरताना दुखायचा आणि अर्धा तास चाललं की रात्री सूज. हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की पोहा नाहीतर सायकल चालवा, कारण सायकलवर अंगाचं वजन सीटवर असतं, गुडघा हलतो पण त्याच्यावर फारसा भार येत नाही, आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. मी म्हटलं येत नाही मला सायकल. ते हसले नाहीत, म्हणाले मग शिका. हे वाक्य मला तोपर्यंत कोणीच म्हणालं नव्हतं.

तर पेडलं काढायचं कारण. मला वाटायचं सायकल शिकणं म्हणजे कोणीतरी मागून धरायचं, आपण पाय मारायचे, आणि मग धरणाऱ्यानं सोडायचं. भाची म्हणाली मोठ्या माणसाला असं शिकवलं की तो घाबरून हँडल आवळतो, आणि मागून धरलं की तोल सायकलचा आहे की धरणाऱ्याचा तेच कळत नाही. त्यामुळे पेडलं काढायची, सीट इतकी खाली करायची की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील, आणि बसून नुसतं चालायचं. चालत चालत मग जरा ढकलायचं आणि पाय उचलायचे. पहिल्या दिवशी एका फरशीएवढं अंतर पाय वर राहिले असतील. चौथ्या दिवशी पंपापासून नारळाच्या झाडापर्यंत. पाय कुठल्याही क्षणी टेकता येतात हे एकदा शरीराला पटलं ना की खांदे आपोआप खाली येतात, हे मी स्वतः अनुभवलं, मनाला कितीही समजावून येत नव्हतं ते.

एक गोष्ट मात्र आठवडाभर छळत होती, मी प्रत्येक वेळी त्या नारळाच्या आळ्यातच जायचे. जागा एवढी मोठी आणि मी बरोब्बर झाडाकडे! भाचीनं विचारलं, मावशी तू बघतेस कुठे? मी अर्थातच झाडाकडे बघत होते, आपटू नये म्हणून. सायकल नजरेच्या मागे जाते, खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात जाते. मग तिनं गेटवरच्या निळ्या मीटरबॉक्सकडे बघायला सांगितलं आणि मी झाडाच्या बाजूनं सरळ गेले. आजही रस्त्यावर खड्डा दिसला की मी त्याच्या शेजारच्या चांगल्या जागेकडे बघते, खड्ड्याकडे नाही.

पेडलं लावायच्या आधी तिनं ब्रेक शिकवला आणि याच्याबद्दल मी तिची फार ऋणी आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागचा असतो. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमधे असते कारण थांबताना वजन पुढे सरकतं, पण तोच एकटा करकचून दाबला तर मागचं चाक उचललं जातं. म्हणून दोन्ही एकदम, हळूहळू दाब वाढवत, आणि ढुंगण सीटवर जरा मागे सरकवून. आम्ही खडूनं रेघ मारली आणि मी रेघेवर थांबायचं. पन्नास-साठ वेळा तरी केलं असेल. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बघायला बसायचे आणि टायर रेघेच्या पुढे गेलं की बोट दाखवून सांगायचे, मॅडम एक वीत गेली. पाच-सहा दिवसांनी वीत गेली नाही. माझी भीती गेली ती त्या रेघेवर, तोल आला तेव्हा नाही. तोल आल्यावर उलट जास्त भीती वाटली होती कारण आता ही चालतीये पण थांबवू कशी.

तिसऱ्या आठवड्यात श्रीखंडाचा डबा उघडला. पेडल मारायला लागले तो क्षण काही फार मोठा वाटला नाही, कारण बाकी सगळं येतच होतं. फक्त सुरुवात कशी करायची ते शिकावं लागलं. एक पेडल वर, घड्याळात दोन वाजतात तिथे आणायचं, त्याच्यावर पाय ठेवून वजन द्यायचं आणि त्याच झटक्यात बसायचं. संध्याकाळी आईला फोन केला, तेव्हा ती होती, ब्याऐंशीची. म्हणाली साडी नेसून नको चालवूस हो.

सायकल घेताना मात्र चूक झाली. भाचीची सायकल तिच्याबरोबर पुण्याला परत गेली तेव्हा मी एका दुकानात गेले आणि त्यांनी मला जाडजूड टायरची, पुढेमागे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेली, एकवीस गिअरची सायकल दिली, म्हणे खड्ड्यांसाठी हीच चांगली. अठरा किलोची! आमच्या बिल्डिंगला चार पायऱ्या आहेत, त्या चढवतानाच जीव जायचा, आणि दांडा इतका वर की टांग टाकून उतरताना पाय अडकायचा. दोन महिन्यांत विकून टाकली, अर्ध्या किमतीला. आता जी आहे तिचा दांडा खाली वाकलेला आहे त्यामुळे पाय वरून न्यावा लागत नाही, सात गिअर, मधल्या जाडीचे टायर, मडगार्ड, कॅरिअर, पुढे बास्केट. जिला घ्यायची असेल तिला माझं एकच सांगणं, दुकानात नुसती बसून बघू नका, दहा मिनिटं चालवून बघा, आणि उतरून बघा. उतरणं महत्त्वाचं, आपल्या वयात पडणं पुष्कळदा चढता-उतरताना होतं.

सीटबद्दल सांगते कारण गुडघ्याचा सगळा खेळ तिथे आहे. शिकताना सीट खाली होती ती मी तशीच ठेवली, पाय टेकतात म्हणून बरं वाटायचं, आणि महिन्याभरात गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली. मला वाटलं संपलं, सायकल पण जमणार नाही. कोपऱ्यावर पंक्चर काढणारे एक काका बसतात, त्यांनी नुसतं मला जाताना बघितलं आणि हाक मारली, ताई सीट वर घ्या, गुडघे छातीला लागतायत. पेडल सगळ्यात खाली असताना त्याच्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवला की गुडघा जरासाच वाकलेला राहतो, ती बरोबर उंची. मी एकदम नाही, दर आठवड्याला बोटभर वर घेतली. दुखणं गेलं. शिवाय जड गिअरवर जोर लावून पाय मारायचे नाहीत, हलका गिअर आणि भरभर पाय, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या, हे पण त्यांनीच सांगितलं, फेऱ्यांचा आकडा मी नंतर मोजला.

हेल्मेट मी पहिल्या दिवसापासून घातलं आणि घातलं म्हणून आज हे लिहितेय असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबरमधे नव्वद फुटी रस्त्यावर सकाळी साडेसहाला, दोन पेव्हर ब्लॉकच्या मधे चाकाएवढीच फट होती, सायकलच्या दिशेनं सरळ, पुढचं चाक त्यात बसलं आणि हँडल वळेचना. मी उजव्या बाजूला पडले. कोपर सोलवटलं, मनगट लचकलं, आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, ठक्क असा आवाज मला आतून ऐकू आला. दूधवाला पोरगा धावत आला, त्यानं आधी सायकल नाही, मला उचललं, पायरीवर बसवलं. हेल्मेटला वरून एक ओरखडा होता फक्त, पण आतला थर्माकोलसारखा फोम चिरलेला. तो फोम एकदा दबला की त्याचं काम संपलं, वरून चांगलं दिसलं तरी ते हेल्मेट परत वापरायचं नसतं. मी नवीन घेतलं. आणि घालायचं कसं तर कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक-दोन बोटं जाईल इतकंच सैल. किती जण डोक्याच्या मागे टोपीसारखं सरकवून घालतात, मला रस्त्यात थांबवून सांगावंसं वाटतं आणि कधी कधी मी सांगते पण.

तेव्हापासून फट, रेल्वेचे रूळ, गटाराची जाळी, काहीही असलं तरी चाक आडवं नेते, काटकोनात, त्याच्या रेषेत नाही.

रस्त्यावर जायची हिंमत कशी आली तर योगायोगानं. त्याच वर्षी मार्चच्या शेवटी पोलिसांनी रविवार सकाळी शहरातले काही रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली, संडे स्ट्रीट्स म्हणून, आणि आमच्या मुलुंडला तानसा पाइपलाइनच्या बाजूचा रस्ता त्यात होता. मुलं स्केटिंग करत होती, कोणी झुंबा, कोणी नुसतं रस्त्यात मधोमध चटई टाकून योगासनं. मी तिथे पहिल्यांदा अर्धा तास सलग चालवली, हॉर्न नाही, रिक्षा नाही. त्या मोठ्या पाइपच्या शेजारून जाताना सकाळचं कोवळं ऊन आणि पाइपची लांब सावली, आणि त्या सावलीतून मी चाललेय, हे मला अजून तसंच्या तसं दिसतं.

मग हळूहळू रोजचे रस्ते. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, केळकर कॉलेजचा मिठागर रोड सकाळी पावणेसहा ते सात मोकळा असतो, माझं रोजचं तिथेच. काही गोष्टी कोणी शिकवल्या, काही घाबरून शिकले. उभ्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर लांब राहायचं, कारण दार कधीही उघडतं. बससाठी तर मी मुद्दाम डेपोजवळ एका बेस्टच्या ड्रायव्हरदादांना विचारलं की तुम्हाला मी दिसते का हो, तर म्हणाले डाव्या बाजूला चिकटून आलात तर अजिबात नाही, आरशात सुद्धा नाही. तेव्हापासून बस किंवा ट्रक वळणार असेल तर मी त्याच्या डावीकडून पुढे घुसत नाही, मागे थांबते, जाऊ दे त्याला. रिक्षा अचानक थांबते, प्रवाशाचा हात दिसला की थांबणारच, म्हणून फुटपाथवर कोणी हात केलाय का ते मी रिक्षाच्या आधी बघते. वळताना हात दाखवायचा, लवकर आणि स्पष्ट. कानात काही घालायचं नाही. पहाटे मागे लाल लाइट, पुढे पांढरा, अंगात पिवळं किंवा केशरी काहीतरी. आणि उलट्या बाजूनं कधीही नाही, पन्नास पावलांसाठी सुद्धा नाही, तेवढं अंतर मी उतरून सायकल ढकलत नेते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. सायकल म्हणजे रस्त्यावरचं वाहन आहे, तिला लायसन लागत नाही म्हणून नियम पण लागत नाहीत असं नाही.

सी लिंक 2009 ला झाला आणि अटल सेतू 2024 ला, दोन्हीवर सायकलला बंदी आहे. वेगवान रस्त्यावर बंदी का ते मला समजतं. पण एवढ्या समुद्राच्या शहरात पाण्यावरून सायकलनं जावं असं मला फार वाटतं, एक वेगळी लेन कधीतरी करावी कोणीतरी. तोपर्यंत मरीन ड्राइव्ह आहे. 2023 च्या डिसेंबरमधे मुलीनं गाडीला सायकल बांधून रविवारी पहाटे साडेपाचला तिथे नेलं. गिरगाव चौपाटीपासून दुसऱ्या टोकाच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत आणि परत. लहानपणी ज्या चौपाटीवर भावाच्या मागे कॅरिअरवर बसून भेळ खायला यायचे तिथे मी हँडल धरून. परत येताना वाऱ्याचा जोर समोरून होता, तीन नंबरच्या गिअरवर आले, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही कारण तशा वाऱ्यात हात सोडायची हिंमत नव्हती.

पावसाबद्दल. हलक्या पावसात मी चालवते, पण ब्रेक भिजले की उशिरा लागतात म्हणून आधीपासून हळूहळू दाबायचे, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओली पानं यांच्यावर वळायचं नाही, सरळ जायचं. पण साचलेल्या पाण्यातून कधीच नाही, घोट्याएवढं असलं तरी नाही. 2017 च्या 29 ऑगस्टला डॉ. दीपक अमरापूरकर साचलेल्या पाण्यातून चालत घरी निघाले होते आणि उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले, मुंबईत तो दिवस कोणी विसरलेलं नाही. पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तर मी सायकल जवळच्या बिल्डिंगमधे लावते आणि थांबते. मोठ्या पावसाचे आठवडे घरातच, स्टँडवर.

तब्येतीचं विचारलं सगळ्यांनी म्हणून सांगते. आठवड्यातून पाच दिवस, पस्तीस-चाळीस मिनिटं. दीड वर्षानं एचबीएवनसी 5.8 झालं, पण त्यात रात्रीचा भात कमी केला तेही आहे, नुसत्या सायकलचं श्रेय नाही. गुडघा जिने उतरताना आता फार क्वचित बोलतो. झोप छान लागते. फक्त एक गोष्ट मला उशिरा कळली, सायकलनं हृदय, फुप्फुसं, मांड्या चांगल्या होतात पण हाडं नाही, कारण हाडावर वजनच पडत नाही, आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडं तशीही विरळ होतात. म्हणून आता दोन दिवस वजनं उचलते, पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात केली होती, आणि गुडघा झेपेल तेवढं चालते पण. ज्यांना चक्कर येते, बीपी वरखाली होतं, किंवा साखरेची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करा, रिकाम्या पोटी लांब जाऊ नका, खिशात दोन खजूर आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मी ठेवते.

पंक्चर काढायला पण शिकले त्याच काकांकडून. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून फिरवायची, बुडबुडे येतात तिथे खूण, घासपेपरनं घासायचं, सोल्युशन लावून लगेच पॅच नाही चिकटवायचा, ते सुकून चिकट होईपर्यंत थांबायचं. काका म्हणतात ताई तुम्हाला घाई फार. टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार राहिली नाही ना ते बघायचं, नाहीतर कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा तेच. टायरच्या कडेला हवेचा आकडा लिहिलेला असतो, दर आठवड्याला तेवढी हवा भरली तर पंक्चर पण कमी होतात आणि पाय पण हलके चालतात.

फोन करून विचारणाऱ्या त्या चार जणींपैकी एक आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आहेत, सदुसष्ट वर्षांच्या. काका गेल्यापासून फारशा खाली उतरत नव्हत्या. गेले तीन आठवडे संध्याकाळी पाच वाजता पंपामागे आमचा वर्ग असतो. मी आधी डावं पेडल काढून दाखवलं, उलटं फिरवून, त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि उजवं स्वतः काढलं. परवा त्या पंपापासून नारळापर्यंत पाय न टेकता गेल्या आणि आळ्याच्या बाजूनं वळल्या सुद्धा, खडूच्या रेघेवर मात्र अजून दोन वीत पुढे जातात, वॉचमनकाका मोजतायत. त्यांची पेडलं माझ्या ओट्याखाली श्रीखंडाच्या डब्यात आहेत, काल विचारत होत्या रविवारी लावायची का म्हणून, मी म्हटलं रेघेवर थांबलात की लावू.